संगणकातील वाद्यशाळा: एक प्रस्तावना

सिंथेसायझर, ड्रम मशीन, ध्वनिमुद्रणाचे ट्रॅक, मिक्सर आणि प्रतिध्वनीची कृत्रिम दालने अशी एका स्टुडिओची सारी सामग्री आज संगणकाच्या एका पडद्यावर मावते, आणि त्या पडद्यासमोर प्रथमच बसणाऱ्या माणसाला दडपण येते ते बहुधा तेथील बटणांच्या आणि नॉबच्या संख्येचे. हे दडपण अल्पकाळाचे असते. चार-आठ दिवस हात फिरला की कोणते बटण कशाचे हे समजू लागते आणि उरलेल्या शंकांचे निरसन करणारे मित्रही भेटतात. खरी अडचण निराळी आहे, आणि ती दिसत नसल्यामुळेच अधिक काळ टिकते. नवी फाइल उघडल्यावर जो पडदा आपणांस कोरा वाटतो तो वस्तुतः कोरा नसतो. आपण एकही स्वर वाजविण्यापूर्वी लय मिनिटाला १२० ठोक्यांची ठरलेली असते, आवर्तन चार ठोक्यांचे ठरलेले असते, सप्तकाचे बारा समान भाग पाडून झालेले असतात, त्यांतील पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर बसविलेली असते, आणि आपण टाकू तो प्रत्येक आघात जवळच्या रेघेवर ओढून घेण्याचा बंदोबस्तही झालेला असतो. यांपैकी एकाही बाबतीत आपली संमती विचारलेली नसते. ज्याचा कान ठेक्यावर, तंबोऱ्यावर, भजनावर आणि ढोलकीवर घडला आहे त्याने या यंत्राशी परिचय करून घ्यावयाचा तो येथपासून, अशी माझी निश्चित धारणा आहे. आणि पुढील पानांतील सारा तपशील त्याच धारणेने रचलेला आहे.

हे पूर्वनिश्चित निर्णय कोणी आणि कशासाठी घेतले हे समजण्यास थोडा इतिहास आवश्यक आहे. विजेच्या साहाय्याने संगीत रचण्याचे काम आरंभी बव्हंशी सरकारी वा निमसरकारी नभोवाणीच्या आश्रयाने होत असे. पॅरिसच्या नभोवाणीत पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाड्यांचे ध्वनी मुद्रित करून त्यांच्या जुळणीतून रचना सिद्ध केली. पुढे १९५१ साली कोलोन येथील नभोवाणीने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्वतंत्र स्टुडिओ स्थापन केला, आणि तेथे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी १९५३ साली केवळ शुद्ध साइन लहरींचे ध्वनी ध्वनिफितीवर एकावर एक चढवून आपली पहिली इलेक्ट्रॉनिक रचना तयार केली. या स्टुडिओंतील यंत्रे मोजमापाच्या प्रयोगशाळांतून आलेली होती, एकेका मिनिटाच्या संगीतासाठी फितीचे तुकडे हातांनी कापून जोडावे लागत, आणि ज्याला त्या दालनात प्रवेशाची मुभा नाही त्याला या कलेचे दार बंदच होते. संगणकाकडून ध्वनी निर्माण करून घेण्याची सुरुवात १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी केली. त्यांच्या प्रणालीवर तयार झालेली पहिली रचना अवघी सतरा सेकंदांची होती. त्या सतरा सेकंदांपासून आजच्या आभासी स्टुडिओपर्यंतचे अंतर यंत्रांच्या वेगाने कापले गेले हे खरे, परंतु त्या वाटेवर जे करारमदार झाले त्यांचे परिणाम आपण अद्याप भोगत आहोत.

या करारांत सर्वांत दूरगामी ठरला तो १९८३ सालचा मिडी. एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी बोलत नाही ही त्या काळची अडचण होती. ती दूर करण्यासाठी अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन एक सामायिक संकेतप्रणाली सिद्ध केली, आणि प्रतिस्पर्धी कारखानदारांनी ती परस्परांत मान्य केली. उद्योगधंद्याच्या इतिहासात इतका समंजस तह क्वचितच झाला असेल. मिडीतून ध्वनी वाहत नाही, आज्ञा वाहतात. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच त्यात लिहिलेले असते, आणि ऐकू येणारा आवाज त्या आज्ञा वाचणारे वाद्य आपल्या प्रकृतीप्रमाणे निर्माण करते. भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेली बंदिश आणि गवयाच्या गळ्यातून उमटलेली बंदिश यांत जे नाते असते तेच येथेही आहे. परंतु ही लिपी पियानोच्या कळा समोर ठेवून आखलेली होती. तिच्यात स्वरांना ० पासून १२७ पर्यंत पूर्णांक क्रमांक आहेत, दोन लगतच्या क्रमांकांमध्ये एक अर्धस्वर आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये काही असू शकते याची नोंद मूळ स्वराच्या आज्ञेत नाही. तसेच १९८८ साली या आज्ञा फाइलीत साठविण्याचा जो नमुना ठरला त्यात असे कलम आहे की, लय सांगितली नसेल तर ती १२० समजावी आणि तालाचे मान सांगितले नसेल तर ते चार ठोक्यांचे समजावे. दोष कोणाला द्यावा असे यात काही नाही. ज्यांनी हा तह केला त्यांच्यापुढे त्यांचे प्रश्न होते आणि ते त्यांनी उत्तम रीतीने सोडविले. आपले प्रश्न मात्र आपणच सोडवावयाचे आहेत.

यानंतरचा प्रवास झपाट्याने झाला. हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस हे सॉफ्टवेअर १९८९ साली आले तेव्हा ते मुख्यतः मिडीच्या आज्ञा लिहिण्याचे दप्तर होते. १९९६ साली त्यात ध्वनिपरिणामांची यंत्रेही संगणकातच चालविण्याची तजवीज झाली, आणि १९९९ पासून वाद्येही त्याच पद्धतीने प्लगइनच्या रूपाने वाजू लागली. बेल्जियममध्ये १९९७ च्या अखेरीस फ्रूटीलूप्स निघाले, तेच आजचे एफएल स्टुडिओ. बर्लिनमध्ये २००१ साली एबलटन लाइव्ह निघाले. स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड कंपनीने २००० साली काढलेल्या रीझनमध्ये तर पडद्यावर लोखंडी चौकटीत बसविलेली यंत्रेच दिसत, आणि टॅबची कळ दाबताच ती सारी चौकट फिरून तिची पाठ समोर येई व मागे लोंबणाऱ्या तारा हवे तेथे जोडता येत. नवशिक्यासाठी ही कल्पना फार मोलाची होती, कारण ध्वनी कोठून निघतो, कोणत्या यंत्रातून जातो आणि शेवटी कोठे पोहोचतो हे तिच्यात डोळ्यांनी पाहता येई. ज्याला हा मार्ग एकदा उमगला त्याला पुढे कोणतेही सॉफ्टवेअर परके राहत नाही.

याच प्रॉपेलरहेडचे १९९७ सालचे रीबर्थ हे सॉफ्टवेअर आपल्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे, कारण त्याने ज्या यंत्रांची नक्कल केली त्यांचा मुंबईशी संबंध आहे. रोलँड या जपानी कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० सालचे, आणि एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेले टीबी-३०३ हे छोटे यंत्र १९८१ च्या अखेरीचे. टीबी-३०३ चा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही झाले. परंतु त्यापूर्वीच, १९८२ साली, मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी ही दोन यंत्रे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन भैरव, ललत, यमन इत्यादी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले, आणि ग्रामोफोन कंपनीने त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. ती त्या काळी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतील शिकागो शहरात फ्यूचर नावाच्या त्रयीने टीबी-३०३ चे नॉब वाजता वाजता फिरवून जी मुद्रिका काढली तिच्यातून ॲसिड हाउस या नृत्यसंगीताचा उदय झाला. आणि २०१० साली चरणजित सिंगांची मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा त्या दोहोंतील साम्य ऐकून जगभरचे रसिक विस्मित झाले. मुंबईच्या मुद्रिकेवरून शिकागोचे संगीत निघाले असे म्हणण्यास काहीही आधार नाही, आणि तसा अभिमान मिरविण्याची आवश्यकताही नाही. अभिमानास्पद गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची सोय होती; मुंबईच्या कलावंताने तीत मींड ऐकली, आणि जे यंत्र आपल्या नियोजित कामात अपेशी ठरले होते त्याच्याकडून रागांची स्वरवाक्ये वदवून घेतली. यंत्र ज्यासाठी निर्माण झाले त्याहून वेगळे त्याच्याकडून मागण्याचा हा जो अधिकार त्यांनी बजावला, तोच प्रत्येक नवशिक्याने पहिल्या दिवसापासून बजावावा असे मला मनःपूर्वक वाटते.

तो बजावण्याचा पहिला प्रयोग स्वराचा असावा. कोणतेही सॉफ्टवेअर घ्यावे, त्यातील साधा सिंथेसायझर उघडावा, सॉ-टूथ म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या आकाराची लहर निवडावी आणि मिडीच्या ४८ क्रमांकाचा स्वर अखंड धरून ठेवावा. क्रमांक मुद्दाम सांगितला, कारण त्याच स्वराला कोणी सी-२, कोणी सी-३ तर कोणी सी-४ म्हणते, आणि नवशिके येथेच प्रथम गोंधळतात. हा झाला पांढरी एकचा षड्ज, सेकंदाला सुमारे १३०.८ कंपनांचा. सॉ-टूथ लहरीत मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सारी उपकंपने क्रमाने क्षीण होत गेलेली असतात. तंबोऱ्याच्या जवारीतून जो नादाचा पिसारा फुलतो तोही अशाच उपकंपनांचा, आणि त्याची शास्त्रीय मीमांसा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात केलेली आहे. या उपकंपनांपैकी पाचवे ६५४ कंपनांचे असते, आणि तोच दोन सप्तके वरचा शुद्ध गंधार होय. तंबोरा उत्तम जुळला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो असे गवई सांगतात तो हाच. आता दुसऱ्या ट्रॅकवर साध्या साइन लहरीचा ७६ क्रमांकाचा स्वर, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने तोच गंधार, हलक्या आवाजात वाजवावा. यंत्राचा गंधार ६५९ कंपनांहून किंचित वर आहे. दोन्ही नाद एकत्र होताच सेकंदाला सुमारे पाच वेळा आवाज फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. कान थोडा लावला तर नवख्यालाही ही थरथर स्पष्ट ऐकू येते. मग त्या दुसऱ्या वाद्याचा फाइन ट्यूनचा नॉब हळूहळू खाली आणावा. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पून त्यांना सेंट म्हणतात. सुमारे चौदा सेंट खाली येताच थरथर मंदावत मंदावत शांत होते, आणि गंधार षड्जाच्या पोटात विरघळून जातो. या एका प्रयोगात लहर, उपकंपने, सप्तकाची समान विभागणी आणि शुद्ध स्वर या चारही गोष्टी कानाला कळतात, आणि त्या एकदा कानाला कळल्या म्हणजे पुस्तकातील व्याख्या वाचणे सोपे जाते.

येथे कोणी म्हणेल की हा वाद जुनाच आहे, आणि तो जुना आहे हे खरेच. हार्मोनियमच्या ठरीव सुरांत श्रुती आणि मींड बसत नाही या कारणास्तव १९४० साली नभोवाणीने त्या वाद्याला मज्जाव केला आणि तो हुकूम सुमारे तीन दशके अमलात राहिला. त्याच हार्मोनियमवर गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी महाराष्ट्रात रसिकांना तृप्त केले होते. दोन्ही पक्षांजवळ सत्य होते. मात्र आपल्या प्रश्नात एक मोठा फरक आहे: हार्मोनियमची पट्टी कारखान्यातून जशी येई तशी वाजवणाऱ्याला पत्करावी लागे, आणि आभासी वाद्याचा सूर वाजवणाऱ्याच्या स्वाधीन आहे. बहुतेक वाद्यांत प्रत्येक स्वर सेंटच्या मापाने हलविता येतो. अनेकांत संपूर्ण सप्तकाची जुळणी लिहून देणारी फाइल चढविता येते. मींडेसाठी पिच बेंड आहे, त्याच्या मार्गावर १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे कानाला पायरी जाणवण्याचे कारण नाही. फक्त त्याची मर्यादा बहुधा दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते, ती बारापर्यंत वाढवून घ्यावी. दरबारीचा आंदोलित गंधार एका आकड्यात सापडणार नाही, तो हातानेच हलवीत ठेवावा लागेल आणि त्यासाठी अनेक महिने कानाची मेहनत लागेल. ती मेहनत यंत्र आपल्यासाठी करीत नाही. पण आपण केली तर तिच्या आड येत नाही.

तालाचा विषय याहून रंजक आहे. टीआर-८०८ वर सोळा बटणांची एक रांग होती, आणि एफएल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमधील सोळा चौकोनांची जी पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे तिचे मूळ अशाच यंत्रांत आहे. चार-चारांचे चार गट केलेली ती पट्टी पाहून आपल्या मनात लगेच तीनताल उभा राहतो. येथे सावध असावे. यंत्राच्या हिशेबात ते सोळा चौकोन मिळून चारच ठोके होतात, आणि चारही ठोक्यांचे वजन सारखे; पहिल्या, पाचव्या, नवव्या व तेराव्या चौकोनावर किक म्हणजे खालच्या ढोलाचा आघात ठेवला की नृत्यसंगीताचा सर्वपरिचित ठेका तयार होतो. तीनतालाचा प्राण मात्र या समतेत नाही. खाली नवव्या मात्रेला मोजली जाते, आणि प्रचलित ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, तिं तिं ता ता या बोलांवर, डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. चौदाव्यावर तो परततो आणि सम जवळ आल्याची वर्दी देतो. तेव्हा पट्टीवर सोळा मात्रा मांडून खालचा आघात या चार चौकोनांतून काढून टाकावा, आणि वरचा आवाज तसाच चालू ठेवावा. एवढ्या एका कृतीने यंत्राचा ठेका श्वास घेऊ लागतो. ज्यांना पाश्चात्य पद्धतीचे नृत्यसंगीतच करावयाचे आहे त्यांनीही हे करून पाहावे, कारण खालचा आवाज कोठे नसावा याचा विचार हा त्याही संगीतात अर्ध्याहून अधिक भाग आहे.

झपताल आणि रूपक यांसाठी पट्टीची लांबी दहा वा सात करावी लागते, आणि ही सोय जवळपास सर्वत्र आहे, केवळ ती शोधावी लागते. विलंबित लयीचा प्रश्न थोडा अवघड दिसतो. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालते असे धरले तर एक मात्रा पाच सेकंदांची होते, म्हणजे मिनिटाला बारा. आणि एबलटन लाइव्हमध्ये लय वीसच्या खाली उतरतच नाही. यावर उपाय तबलजीच्या मनातलाच आहे. तो मात्रेचे चार भाग मनाशी मोजतो. आपणही लय ४८ ठेवून चार ठोक्यांचे एक माप म्हणजे एक मात्रा समजावी, की बारा मापांत आवर्तन बरोबर मिनिटात समेवर येते.

आघात रेघेवर ओढून घेण्याची क्लृप्ती, जिला सारे क्वांटाइझ म्हणतात, ती ड्रम मशीनच्या जमान्यापासून चालत आलेली आहे. अमेरिकेतील रॉजर लिन यांनी १९८० साली बाजारात आणलेल्या एलएम-१ मध्ये वाजवणाऱ्याची चूक सुधारण्याची आणि त्याचबरोबर लयीला किंचित झोल देण्याची, अशा दोन्ही सोयी होत्या. आज पहिली सर्वजण वापरतात आणि दुसरीचा विसर पडतो. लावणीतील ढोलकीचा जो तोल आहे, शब्द संपता संपता थाप किंचित मागे रेंगाळते आणि मग एकदम पुढे झेपावते, तो रेघेवर बसविला की मरतो. संगणकाकडे सूक्ष्मता कमी आहे असे नाही. एका ठोक्याचे ९६० भाग मोजणारी सॉफ्टवेअरे आहेत, आणि १२० लयीत असा एक भाग अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या आसपास येतो. म्हणून माझी नवशिक्यांस आग्रहाची विनंती अशी की, ठेका माउसने चौकोनात भरण्याऐवजी लहानशा कीबोर्डवर वा पॅडवर बोटांनी वाजवावा, क्वांटाइझ बंद ठेवावे, आणि बिघडलेला आघात रेघेवर नेऊन न ठेवता पुन्हा वाजवावा.

बोटांनी वाजविण्याचा प्रयत्न केला की लेटन्सी म्हणजे विलंबाची अडचण सामोरी येते, आणि तिच्यापायी कित्येक उत्साही माणसे आपल्या हातालाच दोष देत बसलेली मी पाहिली आहेत. संगणक ध्वनी अखंड धारेने न देता नमुन्यांच्या गठ्ठ्यांनी देतो; या गठ्ठ्यास बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या प्रचलित मापाने ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे साडेअकरा सहस्रांश सेकंदांचा होतो, आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे आपले वाद्य खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवून वाजविल्यासारखे होते. बफर २,०४८ चा असेल तर तेच अंतर सोळा मीटर, आणि मग ताल धरणे केवळ अशक्य. वाजविताना बफर १२८ वा २५६ पर्यंत खाली आणावा, आवाज तुटू लागला तर एक पायरी वर न्यावा, आणि रचना पूर्ण झाल्यावर जुळणीच्या कामासाठी पुन्हा वाढवावा. विंडोज वापरणाऱ्यांनी आसिओ जातीचा ड्रायव्हर बसविल्याखेरीज या वाटेस जाऊच नये.

बाकीच्या सरंजामाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. कोणत्या सॉफ्टवेअरने आरंभ करावा या प्रश्नावर तरुण मंडळींत हिरिरीचे वाद चालतात. मला तो प्रश्न गौण वाटतो. एलएमएमएस फुकट मिळते, ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट असते, रीपर साठ दिवस पारखून पाहता येते, एफएल स्टुडिओ एकदा घेतले की पुढील आवृत्त्यांचे मूल्य पडत नाही. यांतील एक निवडून वर्षभर त्यालाच धरून राहावे आणि त्यातही एकच सिंथेसायझर पुरता आत्मसात करावा. शेकडो तयार आवाजांची यादी उघडून एकामागून एक ऐकत बसण्यात संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही, आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. स्पीकरपूर्वी बऱ्यापैकी हेडफोन घ्यावेत. मिक्सरवर सर्व ट्रॅकची बेरीज शून्य डेसिबलच्या रेघेला टेकू देऊ नये, सहा डेसिबल खालीच ठेवावी. अंकीय ध्वनीत त्या रेघेपलीकडे केवळ फाटका आवाज असतो.

सॅम्पल म्हणजे मुद्रित आवाजाचा तुकडा; त्याविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे. गणेशोत्सवाच्या आणि जत्रांच्या मिरवणुकांसाठी हलगी, संबळ, नाशिक ढोल यांचे ठेके संगणकावर जुळविणारी मुले आज गावोगाव आहेत. ती एकमेकांपासून शिकतात, रात्र रात्र जागून काम करतात, आणि त्यांच्या कामाकडे संगीत म्हणून पाहण्याची तसदी जाणती मंडळी घेत नाहीत याचे मला दुःख होते. हे पुस्तक त्यांच्या हाती पडावे ही माझी फार इच्छा आहे. त्यांना एकच सुचवावयाचे आहे. हलगीचा तोच एक मुद्रित आवाज हातोहाती फिरून शेकडो गाण्यांत वाजतो, आणि आपल्याच तालुक्यातला हलगीवाला जिवंत असताना, त्याची हलगी विस्तवावर तापवून चढविलेली असताना, तिचा आवाज कोणी टिपून ठेवीत नाही. त्याला रीतसर बिदागी द्यावी, साध्या रेकॉर्डरवर का होईना, टिपरूचा कडेचा आघात, मधला आघात, बोटांचा आघात हे हलके, मध्यम आणि जोरकस असे वेगवेगळे मुद्रित करून घ्यावेत, आणि सॅम्पलरमध्ये कळेच्या जोराप्रमाणे ते बदलत राहतील अशी मांडणी करावी. एकच आवाज सरसकट वाजल्याने येणारा निर्जीवपणा त्याने निघून जातो. त्याचे नावही फाइलीत लिहावे. दुसऱ्याचे जुने ध्वनिमुद्रण कापून घेण्याविषयी कायदा स्पष्ट आहे: १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमान्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, आणि तोवर परवानगीवाचून घेतलेला तुकडा लहान असला तरी परकाच असतो.

शेवटची बाब दप्तराची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा एक स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी पुढील काही वर्षे तेथे केलेल्या रचना संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताच्या परिश्रमाने त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रकाशात आल्या आणि भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक हरवलेला अध्याय आपल्या हाती आला. अर्धशतकानंतर हे घडू शकले याचे कारण त्या फितींवर प्रत्यक्ष ध्वनी होता. आपल्या आजच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलीत केवळ आज्ञा असतात, आणि त्या वाचणारे प्लगइन पुढील संगणकावर चालले नाही तर सारी रचना मुकी होते. याकरिता काम संपताच प्रत्येक ट्रॅक निरनिराळा, त्यावरील ध्वनिपरिणामांसह आणि त्याशिवाय अशा दोन प्रतींत, चोवीस बिटांच्या वेव्ह फाइलीत उतरवून ठेवावा. दुहेरी वाहिनीच्या एका मिनिटास सुमारे सोळा मेगाबाइट जागा लागते, म्हणजे पाच मिनिटांच्या दहा ट्रॅकची एक प्रत ८०० मेगाबाइटच्या आत राहते आणि दोन्ही प्रती मिळून सोळाशेच्या आत, आणि एवढी जागा आज कोणाहीजवळ असते. सोबत साध्या मजकुराच्या एका फाइलीत तारीख, लय, ताल, षड्ज कोणत्या पट्टीचा, कोणता स्वर किती सेंटने हलविला, आणि कोणी काय वाजविले, एवढे टिपून ठेवावे, आणि या साऱ्याची एक प्रत घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी असू द्यावी.